प्रभागाची रेषा आणि मोहल्ल्याचा हक्क

महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या झाल्या. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ शहरांत मतदान झाले आणि निकाल लागताच आपल्या फोनवर एकच हिशेब फिरू लागला: मालेगावात ‘आपले’ किती, भिवंडीत किती, मुंबईत किती. हा हिशेब का केला जातो ते मला समजते. विधानसभेत आणि लोकसभेत ज्या समाजाचे प्रतिनिधी बोटांवर मोजता येतात, त्याला महापालिका हीच एक उरलेली जागा वाटते. पण निवडून आलेल्यांच्या हातात नेमके आहे काय, हे या सगळ्या गडबडीत कुणी विचारताना दिसत नाही.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. मालेगाव आणि भिवंडीची त्याच वर्षी. राज्यघटनेचे कलम २४३ यू स्पष्ट आहे: पाच वर्षे पूर्ण होण्याआधी पुढची निवडणूक झालीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात हेच बजावले होते. तरीही ही शहरे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. अर्थसंकल्प त्यानेच मांडायचा, त्यानेच मंजूर करायचा. गटार तुंबले तर दाद मागायची कुणाकडे, तर ज्याला लोकांनी निवडलेलेच नाही त्याच्याकडे.

कारण सांगितले गेले ओबीसी आरक्षणाचे. मार्च २०२१ च्या निकालानंतर तो पेच खराच होता, आणि तो आपलाही होता. मोमीन, बागवान, पिंजारी हे ओबीसी यादीत आहेत, हे आपल्यातलेच अनेक जण विसरतात. पण त्याच काळात दुसरा खेळही चालू होता. मुंबईत एका सरकारने प्रभाग २२७ चे २३६ केले, पुढच्या सरकारने ते पुन्हा २२७ वर आणले. बाकीच्या शहरांत २००७ साली एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला गेला, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग पुन्हा एकाचा कायदा झाला, मग तीनचा, आणि शेवटी चारवर गाडी आली. यात कोणताही पक्ष स्वच्छ नाही. ज्याला जी पद्धत सोयीची, ती त्याने आणली. मतदाराला कुणी विचारले नाही.

चार जणांचा प्रभाग म्हणजे काय, हे मालेगावकडे पाहून समजते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या घरात होती. ८४ जागा, २१ प्रभाग. म्हणजे एका प्रभागात बावीस-तेवीस हजार माणसे. तिथला यंत्रमाग कामगार चार मते देतो आणि नळाला पाणी आले नाही की चार दारे हिंडतो. प्रत्येक दारात उत्तर एकच, ‘ते काम त्यांच्याकडे आहे.’ एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार करायला पॅनल लागते, पॅनलला पैसा लागतो. मोहल्ल्यात वीस वर्षे शिकवणी घेणारी, रेशनकार्डाचे अर्ज भरून देणारी बाई तिथे अपक्ष उभी राहून टिकणार कशी? आणि या रेषा अजून २०११ च्याच आकड्यांवर आखल्या जातात. त्यानंतर वाढलेल्या वस्त्या नकाशावर जणू रिकाम्याच आहेत.

७४ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा सत्ता खाली नेण्याचे वचन होते. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे कलम २४३ एस म्हणते. त्यांवर नागरी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची सोयही आपल्या कायद्यात आहे. त्या खुर्च्यांवर बहुधा पक्षाचेच कार्यकर्ते बसतात, ही गोष्ट वेगळी. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांतील सगळे मतदार म्हणजे एक सभा, गावच्या ग्रामसभेसारखी. मी राहतो त्या शहरात आजवर अशी एकही सभा भरल्याचे मी पाहिलेले नाही. दोन हजार वस्तीच्या गावातला माणूस सरपंचाला भर सभेत जाब विचारू शकतो. शहरातल्या माणसाला तो अधिकार कागदावरच मिळाला आहे.

पैशाचेही तसेच. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, २०१७ पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. जकातीच्या नाक्यावर भ्रष्टाचार होता हे खरे, पण तो पैसा शहराचा स्वतःचा होता. आता महापौराला मंत्रालयाच्या तोंडाकडे बघावे लागते.

निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आपल्या मोहल्ल्यांतून निवडून आलेल्या नगरसेविकांची संख्या लहान नाही, पण पोस्टरवर फोटो नवऱ्याचा किंवा दिराचा, आणि फोनही तोच उचलतो. क्षेत्रसभा भरली तर अध्यक्षपदी तिला स्वतःला बसावे लागेल, समोर तिच्याच गल्लीतल्या बायका असतील. मौलाना, आमदार, बिल्डर यांच्यातला व्यवहार तिथे बंद दाराआड राहणार नाही. म्हणून ही सभा फारशी कुणाला नको आहे, आपल्यातल्या पुढाऱ्यांनाही नको आहे, असे माझे मत आहे.

नव्या नगरसेवकांच्या सत्कारांचे हार अजून सुकलेले नाहीत. त्या सत्कारात माइक हातात आला तर एवढेच विचारावे: पहिली क्षेत्रसभा कोणत्या तारखेला? जनगणना झाली की प्रभागांच्या रेषा पुन्हा आखल्या जातील. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. हरकत लेखी द्यावी लागते, नकाशा वाचून, गल्लीचे नाव आणि हद्द सांगून. आपले अनेक मोहल्ले उर्दूत बोलतात आणि महापालिकेचा कारभार मराठीत चालतो. प्रत्येक मोहल्ल्यात नकाशा वाचू शकणारी आणि अशी हरकत मराठीत लिहू शकणारी निदान दोन माणसे तयार करण्याचे काम आपल्या शाखांनी आताच हाती घ्यावे, आणि त्यांतली एक बाई असावी.