शाळांची मोळी कोणाला विचारून बांधतां?

शिक्षणखात्याला सध्यां हिशेबाचा मोठा नाद लागला आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें पुण्याच्या शिक्षण आयुक्तालयांतून एक पत्र निघालें. वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूहशाळा’ काढण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविण्यांत आले. अशा शाळा राज्यांत साडेचौदा हजारांवर आणि त्यांतील मुलें सुमारें १ लाख ८५ हजार. म्हणजे शाळेमागें बारा-तेरा लेंकरें! हीं लेंकरें कोणाचीं? प्रभात रोडच्या बंगल्यांतलीं खास नव्हेत. धनगरवाड्यांतलीं, कातकरी वस्तीवरचीं, डोंगरकपारीच्या शेतकऱ्याचीं आहेत.

नमुना म्हणून पानशेतकडे बोट दाखवितात. पानशेतच्या धरणाचें पाणी पुणें शहर पितें. ज्या खोऱ्यानें त्या पाण्यासाठीं जमीन दिली, त्याच खोऱ्यांतील वाड्यांच्या शाळा एका जागीं आणल्या. तेथें मोठी इमारत झाली, मुलांस नेण्यास गाड्या आल्या, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण एका पानशेताला मिळालें तें हजारों वाड्यांना मिळेल, याची हमी कोणी दिली? ओढा भरला, गाडी आली नाहीं, तर सहा वर्षांच्या पोरीनें रान तुडवावें काय? आईबाप तिला घरीं बसवितील. खातें ‘गळती’ असा शेरा मारील आणि दोष अडाणी आईबापाच्या माथीं येईल.

खात्याचे कैवारी म्हणतात, चार मुलांच्या शाळेंत खेळ नाहीं, चुरस नाहीं, मास्तरही एकटा. खरें आहे. पण पट घसरला कां? मास्तराच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या ठेविल्या; जो उरला त्याला मतदारयाद्या आणि माहितीचे तक्ते भरावयास लावलें. आधीं विहिरींत दगड टाकावयाचे आणि मग पाणी नाहीं म्हणून ती बुजवावयाची, असला हा न्याय!

एकत्र करणें मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांचीं मुलें सर्वांच्या शाळेंत बसविलीं. त्या एकीकरणानें बंद दार उघडलें. आजचें एकीकरण उघडें दार लावून कोसावरचें दार दाखवितें.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हीच कैफियत मांडली होती कीं, महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठीं. बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा, असें त्यांचें मागणें होतें. बुधवार पेठेंतील भिडे वाडा त्यांच्या स्मारकासाठीं डिसेंबर २०२३ मध्यें पाडला. १८४८ सालीं तेथें मूठभर मुलींची शाळा निघाली. वीसांची अट तेव्हां असती, तर ती शाळा पहिल्याच दिवशीं बंद पडती! जोतीरावांच्या पुतळ्याला हार आणि त्यांच्या शाळेला कुलूप, हा व्यवहार आम्हांला कळत नाहीं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे. तींत तीनचतुर्थांश आईबाप आणि निम्म्या बाया असाव्या, असा दंडक आहे. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. मग शाळा मोडण्याच्या वेळींच ती मुकी कां? आमचें मागणें एवढेंच: प्रत्येक वाडींत जाऊन सभा भरवा, गाडी कोण देणार, किती वर्षें देणार, तें लिहून द्या, आयांची संमति घ्या, आणि वाडी नको म्हणेल तर तेथें मास्तर पाठवा.

कष्टकरी बंधुभगिनींनो, कागद येण्याची वाट पाहूं नका. आजच ग्रामसभेंत ठराव करा, त्यावर सह्या व अंगठे उठवा आणि एक प्रत पुण्याला धाडा. शाळा तुमच्या पैशाची आहे. तिचा हिशेब तुम्हांला विचारल्यावांचून कोणीही करूं नये.