हप्ता चालू, फोन बंद!

राजारामपुरीतनं हप्त्यावर घेतलेला फोन महिन्याभरात तापायला लागला, की ठरलेलं उत्तर मिळतं : ‘पाणी गेलंय’, नाहीतर ‘सर्व्हिस सेंटरला जावा’. फोन बंद, हप्ता मात्र सुरूच!

कंपनीनं कसं वागावं? ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं बीएल-५सी बॅटरी तापण्याचा धोका जाहीर केला. तक्रारी साधारण शंभर, बॅटऱ्या तब्बल ४ कोटी ६० लाख. तरी त्यातली बॅटरी असणाऱ्याला ती फुकट बदलून देऊ केली. घरात विचारा, आई-बाबांना आठवत असेल.

आपली मागणी साधी आहे. तक्रारीचा नंबर द्या, मुदत सांगा, नकार असेल तर कारण लेखी द्या. एकच बिघाड वारंवार दिसला तर सगळ्याच ग्राहकांना कळवा.

तुम्हीही पक्कं बिल घ्या, जॉबशीट जपा. दाद लागली नाही तर १९१५ वर फोन करा. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मग भावांनो, ‘जाऊ दे की’ म्हणायचं कशाला?