मेल्यावर दोन लाख, जिवंतपणी हेल्मेटवर अठरा टक्के



आज कापसावर नाही, उसावर नाही, गाडीवर लिहितोय. आपल्या वडवणी तालुक्यात आता बैलापेक्षा मोटारसायकलच जास्त राबते. दुधाची कॅन, युरियाची गोणी, फवारणीचा पंप, कडब्याच्या पेंढ्या, सगळं तिच्यावर. सकाळी ती पाणंदीच्या काळ्या चिखलात अन् दुपारी बीड-परळी रस्त्यावर ट्रकच्या शेजारी. शहरातले हौशी लोक याला ऑन-रोड, ऑफ-रोड म्हणतात अन् दोन्हीला वेगवेगळे कपडे घेतात. आपण दोन्ही रोज करतो. पायात चप्पल, डोक्याला रुमाल.

आकडे बघा. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या हिशेबानं २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातली ७५ हजाराच्या आसपास दुचाकीवरची. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. अन् एकूण मेलेल्यांत ६८ टक्के ग्रामीण भागातले. म्हणजे हा पुण्या-मुंबईचा विषय नाही, आपला आहे.

आता आपल्या सबबी.

"गावातल्या गावात कशाला?" शेतातून निघून डांबरी गाठायची म्हणजे वळण, मुरूम अन् समोरून उसाची ट्रॉली. मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला आपण अंधारात निघतो. धोका अंतरात नसतो, एका खड्ड्यात असतो.

"उन्हात घालवत नाही." ही मात्र खरी अडचण आहे, तिला हसू नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली. त्यानंतर सुरक्षा किटची लई चर्चा झाली, वाटपही झालं. पण अंग पूर्ण झाकणारं किट घालून कोणी उन्हात तास-दोन तास फवारलं? बरेच किट कोठीत पडले. जे अंगावर टिकत नाही ते कितीही भारी असलं तरी कामाचं नाही. म्हणून यूट्यूबवाल्याचं तीस हजाराचं जॅकेट बघून "आपल्याला परवडत नाही" म्हणत सगळंच सोडू नका. क्रम लावा.

पहिलं डोकं. जगभरच्या अभ्यासांचा सार असा, की हेल्मेटनं मरणाचा धोका ४२ टक्के अन् डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो. बियाणं घेताना आपण टॅग अन् लॉट नंबर बघतो ना? तसंच इथं. आयएसआयचा शिक्का, त्यावर आयएस ४१५१ अन् खाली सीएम/एल नंबर पाहिजे. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. १ जून २०२१ पासून बिगर आयएसआय हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले असतात. बोगस बियाण्यावर आपण ओरडतो, बोगस हेल्मेट मात्र घासाघीस करून घेतो. बांधकामावरची पिवळी टोपी तर हेल्मेट नव्हेच.

डोक्यात घालून पट्टा लावा अन् मागून वर उचला. निघालं तर ते तुमचं माप नाही. हनुवटी झाकणारं घ्या, हवेच्या खिडक्या असलेलं. काळी काच रात्री उपयोगाची नाही. ऑफ-रोडचं लांब चोचीचं हेल्मेट हायवेवर वाऱ्यानं मान ओढतं. आपल्याला साधं, पूर्ण तोंडाचं बरं. आतला थर्माकोल दबून मार झेलतो. एकदा जोरात आपटलं की वरून चांगलं दिसलं तरी बदला. अन् पेट्रोलच्या किंवा औषधाच्या कॅनजवळ ठेवू नका, पेट्रोलनं थर्माकोल विरघळतो.

दुसरे पाय. चिखलात गाडी आडवी झाली की घोटा तिच्याखाली जातो. घोट्यापर्यंतचा, खालून पकड असलेला, पुढं कडक टोपी असलेला कामाचा बूट घ्या. तो शेतातही चालतो. गमबूट पाणी द्यायला ठीक, पण ढिला असतो अन् गिअरचा अंदाज लागत नाही.

तिसरे हात. पडताना माणूस आधी हात टेकतो. हातमोजा असा घ्या की ब्रेकचा दांडा बोटाला कळला पाहिजे. फवारणीचे रबरी मोजे इथं चालत नाहीत.

मग अंग. जाड जीन्स अन् पूर्ण बाहीचा शर्ट हे किमान. पुढं पैसे आले तर जाळीचं जॅकेट, ज्याच्या कोपर-खांद्याच्या पॅडवर ईएन १६२१ लिहिलेलं असतं. जाळीमुळे वारा लागतो.

अन् मागं बसणाऱ्या माऊलीचं काय? नियमानुसार मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं कव्हर लागतं, कारण पदर चाकात जातो. आपण काय करतो, कॅन टांगायला तेच काढून टाकतो! कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, नुसतं चालवणाऱ्याला नाही.

आता सरकारचं. हेल्मेट नसेल तर कायद्यात हजार रुपये दंड अन् तीन महिने लायसन रद्द. ठीक. पण २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टर अन् ठिबकची जीएसटी १२ वरून ५ वर आली, ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीची २८ वरून १८ वर आली. हेल्मेट होतं तिथंच, १८ वर. आपल्याच जिल्ह्याचे गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत रस्ता अपघातात गेले. त्यांच्या नावाच्या योजनेत शेतकरी अपघातात गेला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. चांगली योजना आहे. पण मेल्यावर दोन लाख द्यायची तयारी अन् जिवंतपणी हजार-बाराशेच्या हेल्मेटवर अठरा टक्के कर, हा कुठला हिशेब? सक्तीची वस्तू चैनीची कशी?

तोपर्यंत आपलं आपण करू. नवी गाडी घेताना आयएसआय हेल्मेट देणं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार कंपनीवर बंधनकारक आहे. मागून घ्या, वेगळे पैसे लावले तर नियम दाखवा. कृषी सहायक अन् कंपन्यांच्या प्रतिनिधींना हात जोडून विनंती, शेतीशाळेला तुम्हीच उघड्या डोक्यानं येता, मग तुमचं फवारणीच्या सुरक्षेचं भाषण कोण ऐकणार?

दोन फवाऱ्यांच्या औषधाला जेवढे पैसे जातात तेवढ्यात डोकं अन् पाय झाकले जातात. पीक गेलं तर पुढच्या हंगामाला पेरता येतं. कर्ता माणूस गेला की पेरायचं कोणी?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो.