लाइनवर कोण आहे?

एकाच संगणकावर पंचवीस-तीस माणसे एकदम कामाला बसवायची, तर त्या संगणकाला सतत कान टवकारून राहावे लागते. कोणत्या लाइनवरून कोणते अक्षर आले, ते कोणाच्या कामात घालायचे आणि उत्तर कोणत्या टर्मिनलकडे धाडायचे, याची नोंद क्षणोक्षणी ठेवावी लागते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ साली असे एकत्र काम, म्हणजे टाइम-शेअरिंग, सुरू केले, तेव्हा टेलिटाइपच्या लाइनी सांभाळायला डेटानेट-३० हे स्वतंत्र यंत्र ठेवले होते. आकडेमोड करणारे यंत्र वेगळे. टेलिटाइपवरून सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे यायची, पण त्या दहांपैकी एकही निसटून चालणार नव्हते. लाइनींवरची पाळत अशी जन्मापासूनच या व्यवस्थेत होती. ती कोणाच्या हाती असावी, एवढेच ठरायचे होते.

एमआयटीमध्ये कॉर्बातो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग प्रणाली दाखवली. तिथे ही पाळत देखरेख करणाऱ्या मुख्य प्रोग्रामपुरती ठेवलेली होती. प्रत्येक वापरकर्त्याचा कप्पा वेगळा आणि त्याला पासवर्डचे कुलूप. याच एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या पोरांच्या डोळ्यांत ही कुलपे सलत. ग्रीनब्लॅट, नाइट, नेल्सन प्रभृतींनी १९६७ च्या सुमारास पीडीपी-६ वर स्वतःची प्रणाली लिहिली आणि सीटीएसएसच्या नावातल्या ‘कंपॅटिबल’ची टर उडवत तिचे नाव ठेवले ‘इन्कंपॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टिम’, म्हणजे आयटीएस. तिला पासवर्ड नव्हता. सगळा संगणक बंद पाडायचा हुकूमही कोणालाही उपलब्ध होता. जे कोणीही करू शकतो ते करण्यात कसली मर्दुमकी, हा त्यामागचा हिशेब. आणि या सगळ्याला पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा! ज्या खात्याचा अर्धा कारभार गोपनीयतेच्या शिक्क्याखाली चालतो, त्याच्या पैशांवर हे सताड उघडे घर उभे होते.

या घरात ‘ओएस’ नावाचा एक प्रोग्राम होता. जगभर या दोन अक्षरांचा अर्थ ऑपरेटिंग सिस्टिम असा होतो. तिथल्या जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ ‘आउटपुट स्पाय’. दुसऱ्याच्या टर्मिनलवर जे उमटते आहे ते हा प्रोग्राम तुमच्या टर्मिनलवर दाखवी. त्यात जादू काही नव्हती. कोणत्या लाइनवर काय चालले आहे हे प्रणालीच्या पोटात लिहिलेले असतेच, आणि आयटीएसने आपले पोट कोणापासूनच झाकले नव्हते. नवशिक्याला त्यामुळे मुरलेल्या माणसाचे काम चालू असताना पाहता येई: तो कुठे अडतो, काय खोडतो, पुन्हा काय लिहितो. असे शिक्षण छापील पुस्तकातून मिळत नाही.

पण बघे सगळेच शिकायला येत नाहीत. म्हणून ‘जेडगर’ आला. एफबीआयची गादी १९२४ पासून १९७२ पर्यंत न सोडणाऱ्या जे. एडगर हूवर यांचे नाव सहा रोमन अक्षरांच्या चौकटीत कोंबून केलेले हे बारसे. ओएस जिथे डोकावे तिथेच जेडगर डोकावे आणि तुमचे आउटपुट कोणी पाहू लागला की तुम्हाला कळवी. चोरावर मोर. एवढ्यावर न थांबता तो तुमच्याकडे ‘ठार मारण्याचा परवाना’ मागे. तुम्ही हो म्हणालात की हेरगिरी करणाऱ्याचे चालू काम तिथल्या तिथे खलास.

इथवरची गोष्ट मुक्त संगणनाचे भक्त मोठ्या प्रेमाने सांगतात. पुढचा भाग आम्हाला अधिक बोलका वाटतो. बाहेरून आत येणाऱ्या पाहुण्यांना, तिथल्या भाषेत ‘टूरिस्टां’ना, जेडगरचा पत्ता लागला आणि मारामारी हाताबाहेर गेली. तेव्हा प्रणाली सांभाळणाऱ्यांपैकी एकाने काय केले? चर्चा नाही, सूचना नाही. जेडगरच्या जागी त्याने एक बनावट जेडगर बसवला, जो काम करण्याचे नुसते सोंग करी. ठिकठिकाणच्या प्रती शोधून त्या बदलायला बराच वेळ गेला म्हणतात. आपले हत्यार दात पाडलेले आहे हे किती जणांना कधी उमगलेच नाही, याची गणती नाही. उघड्या घरातही घराच्या भिंती कशा बांधल्या हे ठाऊक असणारे मूठभरच होते आणि निर्णय त्यांचाच चालला. जो कोड वाचू शकत होता तो बनावट जेडगर ओळखू शकत होता. टूरिस्ट मात्र मजेत फसत होता.

तरीही त्या पोरांनी एक गोष्ट मान्य केली होती. पाहायचे असेल तर खुशाल पाहा, पण ज्याला पाहता आहात त्यालाही ते कळायची सोय हवी. आज घरी बसून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर पडद्याची छायाचित्रे टिपणारे आणि कळा मोजणारे प्रोग्राम चढवले जातात. ओएसचे हे नातवंड चांगलेच बाळसे धरून आहे. जेडगरचे नातवंड कुठे दिसते का? आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा उघडून पाहावा. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याचा डेटा त्याच्या संमतीवाचून वापरायला कलम ७ ची मुभा आहे. कायद्यातली आगाऊ सूचना संमती मागण्याला जोडलेली. संमती नाही, तर सूचनाही नाही. आणि ‘माझा कोणता डेटा तुमच्याकडे आहे, त्याचे तुम्ही काय करता’ हे विचारण्याचा कलम ११ मधला हक्क? तो जिथे संमती दिली असेल तिथेच. मालक धंद्याची गुपिते जपू पाहतो, यात आम्हाला गैर वाटत नाही. पण ज्याच्यावर नजर आहे त्याला ‘माझ्या लाइनवर कोण आहे’ एवढे विचारायची सोय त्या जमान्यातल्या एका टवाळ प्रयोगशाळेने केली होती, आणि आपल्या संसदेला ती कलम ११ मध्ये एका वाक्याने करता आली असती.