कर्म तिचं, की आपलं?



आज जरा कडू लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या.

माझ्या नणंदेला लहानपणी पोलिओ झाला. कुबडी घेऊन, एकटी, एसटीने वेल्ह्याहून भोरला येते. श्रावणात सामायिक झाल्यावर एकीच्या घरी चहाला थांबलो. कप देताना यजमानीण मला विचारते, "यांना साखर चालते का?" अहो, पाय अधू आहे, जीभ नाही! तिलाच विचारा ना. लगेच शेजारून कुजबुज, तीही तिला ऐकू जाईल अशी: "बिचारी. मागच्या जन्माचं कर्म."

'अपंग'चं 'दिव्यांग' झालं, 'बिचारी' मात्र तशीच राहिली.

कर्म हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. तिचं कर्म मोजायला आपण केवली आहोत का? आपल्या आठ कर्मांत अंतराय कर्म आहे. दुसऱ्याच्या दानात, लाभात, शक्तीत विघ्न आणलं की ते बांधलं जातं. आणि विघ्न काय फक्त भांडूनच आणतात? स्वामीवात्सल्याला आपण तिला "तू बस गं, आम्ही करतो" म्हणून कोपऱ्यात बसवतो. बसून पुऱ्या लाटता येतात, हिशेब लिहिता येतो. कोणी विचारतच नाही. तिच्या वाटची सेवा आपण प्रेमाने हिरावून घेतो!

पंडित सुखलालजी संघवींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली. दुसऱ्यांकडून वाचून घेत ते शिकले. पुढे बेचरदास दोशींबरोबर त्यांनी 'सन्मतितर्क' संपादित केला, १९३३ पासून बनारस हिंदू विद्यापीठात जैन दर्शन शिकवलं. त्यांनाही "तुम्ही बसा" म्हणणारेच भेटले असते तर?

दुसऱ्यांना बोलतेय, पण मी तरी कुठे वेगळी? मुलाच्या स्थळाच्या वेळी मुलीकडच्यांनी हळूच विचारलं, "घरात तसं कोणी नाही ना?" मी "नाही" म्हटलं. नणंद त्या दिवशी आमच्याकडेच होती. पाहुणे आले तशी आपणहून आतल्या खोलीत गेली. मी तिला बाहेर बोलावलं नाही. मधलं दार उघडंच होतं.

यंदा संवत्सरीला तिला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, सगळ्यांना म्हणते तसंच. ती म्हणाली, "कशाबद्दल, वहिनी?"

मी साखरेचं बोलले. स्थळाचं अजून बोलले नाही.