शौर्याला जात चिकटवली कोणी?

इंग्रजीत धैर्याला अनेक शब्द आहेत. त्यांपैकी ‘व्हॅलर’ हा शब्द आज बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. इंग्रज माणूस घरात, बाजारात तो वापरत नाही. तो उरला आहे पदकांवर, स्मारकांवर आणि जुन्या नाटकांत. आम्ही मात्र त्याच अर्थाचा ‘शौर्य’ हा शब्द दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे अभिमानाने उच्चारतो. म्हणून या शब्दाची हकीकत आम्हाला ठाऊक असली पाहिजे.

‘व्हॅलर’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘व्हॅल्यू’ म्हणजे मूल्य, हा शब्दही त्याच मुळातला. इंग्रजीत आला तेव्हा ‘व्हॅलर’चा अर्थ होता माणसाची योग्यता, त्याची किंमत. रणांगणातला पराक्रम हा अर्थ पुढे सोळाव्या शतकात रूढ झाला.

२९ जानेवारी १८५६ च्या सनदेने व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक सुरू झाले. त्यावर ‘शूरांसाठी’ असे शब्द कोरावेत, असा प्रस्ताव होता. राणीने तो नाकारून ‘शौर्यासाठी’, म्हणजे ‘फॉर व्हॅलर’, हे शब्द घातले. कारण पदक मिळाले तेवढेच शूर आणि बाकीचे सारे भित्रे, असा अर्थ निघू नये! हुद्दा, नोकरीची वर्षे, जखमा यांपैकी काहीही पाहू नये, केवळ शौर्य पाहावे, असेही सनदेत लिहिले.

आम्ही कायदा शिकलो आहोत. सनदेतले शब्द सुंदर असले, तरी ते कोणाला लागू होतात हे आम्ही आधी पाहतो. हे पदक हिंदी शिपायांना खुले झाले ते १९११ साली. तोवर पंचावन्न वर्षे गेली होती.

याहून मोठा घाव आमच्या पूर्वजांवर बसला. ज्या कंपनी सरकारच्या फौजेत महार शिपाई १८१८ साली कोरेगावला लढले, ज्यांची ‘नाक’ अशी अखेर असलेली नावे त्या स्तंभावर कोरली आहेत, त्यांच्याच वंशजांची लष्करभरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. काही जाती जन्मतःच लढवय्या आणि इतर नाहीत, असा सिद्धान्त इंग्रज अधिकाऱ्यांनी उचलला होता. जो अर्थ राणीने एका पदकावर येऊ दिला नाही, तोच अर्थ तिच्या लष्कराने आमच्या अख्ख्या समाजावर कोरला. मनुस्मृतीला याहून वेगळे काय म्हणायचे होते?

पूर्वज गप्प बसले नाहीत. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. अर्ज लिहिणे हे आम्हा वकिलांचे रोजचे काम. पण ज्या काळी अस्पृश्याने मान वर करून बोलणे हाच गुन्हा ठरे, त्या काळी सरकारकडे लेखी हक्क मागणे हेही शौर्यच होते. त्यासाठी कोणी पदक दिले नाही.

वलंगकरांनी आपले लोक मूळचे क्षत्रिय असल्याचे मांडले होते. तो त्या काळाचा नाइलाज होता. आज आमच्यातील काहीजण पुन्हा क्षत्रियत्वाचे दाखले शोधू लागतात, तेव्हा मात्र आम्हाला खंत वाटते. शौर्याला वंशावळ लागत असेल, तर भरतीबंदी करणारे बरोबर होते असे होईल! १९४१ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी महार रेजिमेंट उभी राहिली, ती वंशावळीच्या दाखल्यावर नव्हे, हक्काच्या मागणीवर.

म्हणून येत्या १ जानेवारीला स्तंभाला मानवंदना द्याच. पण घरी परतल्यावर मुलांना त्या दोन अर्जांचीही गोष्ट सांगा. माणसाची किंमत हाच शौर्याचा जुना अर्थ आहे, आणि ती किंमत कोणत्याही सरकारने दिलेली नाही.

जयभीम!