पाटीलबाबांचा तह

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघाले, की तळेगावनंतर वडगाव लागते. तोवर बहुतेक मंडळींचे डबे उघडलेले असतात आणि खिडकीबाहेर कोणाचेच लक्ष नसते. वाचकहो, पुढच्या खेपेस घास हातात ठेवून क्षणभर बाहेर पाहा. १७७९ च्या जानेवारीत याच रानात इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले होते.

राघोबादादांना पुण्याच्या कारभारावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रज निघाले, ते ३,९०० माणसे आणि सुमारे १९,००० बैल घेऊन. घाट चढल्यावर हा संसार दिवसाला जेमतेम मैल-दोन मैल सरके. मराठ्यांनी समोरासमोर लढाई न देता वाटेतला दाणावैरण नाहीसा केला. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी या शत्रूलाही कौतुकाने ‘इष्टूर फाकडा’ म्हटले. तळेगाव गाठावे तो ते जळून ओस पडलेले! ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज माघारी वळले आणि वडगावात पुरते कोंडले गेले.

कोंडणाऱ्यांत पुढे होते महादजी शिंदे. पानिपतावर १७६१ साली त्यांचा पाय जन्माचा अधू झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले, तर त्यांनी त्याला भाऊ मानून सरदार केले. स्वतःला मात्र ते ‘पाटील’ म्हणवून घेत. या साधेपणाआड केवढे राजकारण होते, ते वडगावला दिसले.

तहाची बोलणी सुरू होताच इंग्रज म्हणू लागले, आम्हाला तह करण्याचा अधिकार नाही. मराठ्यांनी विचारले, मग पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार कोणी दिला? या प्रश्नाला उत्तर नव्हते. राघोबादादा शिंद्यांच्या हाती आले. साष्टीसह १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत करावा, बंगालहून येणारी गॉडर्डची फौज थांबवावी, असे ठरले. दोन इंग्रज ओलीस राहिले. शिवाय भडोचचा वाटा खुद्द महादजींना मिळावा, हेही ठरले.

उपाशी फौज सुखरूप सोडून देण्यात आली. घाटाखाली उतरताच कार्नॅकने गॉडर्डला धाडलेला थांबण्याचा हुकूम फिरवला. कलकत्त्याहून हेस्टिंग्जने सारा तहच झिडकारला. कार्नॅक, एजर्टन, कॉकबर्न यांना कंपनीने नोकरीतून काढले, पण त्यांनी दिलेला शब्द काही पाळला नाही. राघोबादादाही वाटेत निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले.

महादजींनी ती फौज सोडायला नको होती, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तसे वाटत नाही. शरण आलेल्याला जाऊ देणे यात कमीपणा नाही. मला सलते ते भडोचचे कलम. सर्वांच्या तहात एकाचे खासगी कलम आले, की शत्रूला घरातली फट दिसते.

ती इंग्रजांना दिसलीच. १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी दोन्ही पक्षांचे मध्यस्थ झाले, त्यांचा मान वाढला. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. भडोच तेवढे महादजींना मिळाले, तेही वडगावी दाखवलेल्या उदारपणाची कदर म्हणून! पेशव्यांचे गेले, सरदाराचे आले.

पुढे १७८४ साली महादजी दिल्लीच्या बादशाहीचे वकील-इ-मुतलक झाले. एवढा मोठा माणूस आपल्याकडे क्वचितच झाला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी ते पुण्याजवळ वानवडीस वारले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८०३ मध्ये, इंग्रजांनी त्यांच्या वारसाकडून भडोच काढून घेतले. कदर संपली होती.

दिवाळीत चारही भाऊ एका पंगतीला बसतात, फराळाची ताटे भरतात, हसणेखिदळणे चालते. अशा वेळी वाटणीचा एखादा कागद कोणाच्या खिशात गुपचूप असेल, तर त्याने वडगावची आठवण करावी. वेगळा मिळालेला वाटा फार दिवस टिकत नाही.